विशारदाची खिडकी

माघी गणपतीच्या मांडवात सगळ्या आळीसमोर मी फोटोतलं माझंच घर ओळखलं नाही. नुसतं ओळखलं नसतं तर एक वेळ चाललं असतं. म्हाताऱ्याला दिसत नाही म्हणून लोकांनी सोडून दिलं असतं. मी त्या घराला नावं ठेवली. माईक हातात धरून ठेवली.

तो फोटो आता माझ्याकडे आहे. कोनाड्यात भिंतीला टेकवून ठेवलाय. शेजारी शालनचा हार घातलेला फोटो. एकाकडे बघितलं की दुसऱ्याकडे बघायची हिंमत होत नाही.

शालन माझी बायको. गेल्या श्रावणात गेली. आजारी पडली, दवाखाना झाला, गेली. त्यावर मला बोलता येत नाही, लिहिता तर त्याहून नाही. मी चौथी पास माणूस. पण या फोटोचं कुठेतरी मांडल्याशिवाय घास उतरेना, म्हणून बसलोय.

खेळ तिचाच होता. साधा खेळ. एकाने इमारतीचं चित्र धरायचं आणि समोरच्याने दोन गोष्टी सांगायच्या. ही काय हाय? आणि कोणी बांधली?

चित्रं यायची पेणहून. माझा मेव्हणा, शालनचा भाऊ, तिथे सिमेंट-पत्र्याच्या दुकानात कामाला होता. नवं साल लागलं की दुकानाचं कॅलेंडर घेऊन रोह्याला यायचा. गुंडाळी केलेलं, वर रबर, आणि उलगडलं की सिमेंटचा कोरडा वास. नाकात जाऊन शिंक यायची असा. लोकांच्या भिंतीवर लक्ष्मी, बाळकृष्ण, शंकर-पार्वती. आमच्या भिंतीवर बिल्डिंगा. दिल्लीचं कमळासारखं देऊळ, मुंबईचं बोरीबंदर, कुठलीतरी काचेची बँक. एकदा तर आख्खा चैत्र आम्ही पाण्याची टाकी बघत काढला. पाडव्याला सुलभा आली. सुलभा म्हणजे आमची मागची शेजारीण, तिच्या घराची पाठ आणि आमच्या घराची पाठ समोरासमोर. ती भिंतीकडे बघून म्हणाली, "शालन गो, सणासुदीचं तुमच्याकडं हात कुणाला जोडायचे? या टाकीला?"

"जोड की," शालन म्हणाली, "तुझ्या देवापेक्षा लवकर पाणी देईल."

चित्राखाली बारीक अक्षरं असत. पहिल्या ओळीत इमारतीचं नाव. खाली लिहिलेलं असे 'वास्तुविशारद' आणि त्याच्यापुढे काहीतरी इंग्रजी. शालनला वाचता येत नव्हतं. वाचणारा घरात मी एकटा. इंग्रजी मलाही येत नव्हतं, ते मी सोडून द्यायचो. मी वाचलं, वास्तु, विशारद. वास्तू मला ठाऊक होती, घराची शांत करतात ती. म्हणजे विशारद हे माणसाचं नाव. मी सांगून टाकलं, "विशारद नावाचा कोण हाय, त्यानं बांधलंय."

पुढच्या महिन्याचं पान उलटलं. तिथेही विशारद. त्याच्या पुढच्यालाही तोच.

शालन कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "अवो, एकाच माणसानं एवढं सगळं?"

"असतात माणसं."

"आणि त्याची बायको काय करत असंल वो? हा आज दिल्लीला, उद्या मुंबईला. तिचं स्वतःचं घर बांधून दिलं असंल का यानं?"

मी हसलो. तीही हसली. पण बरीच वर्षं त्या विशारदाच्या बायकोची तिला खरोखर काळजी होती. भाकरी थापताना मध्येच म्हणायची, "यंदा धरण बांधलंय म्हणजे बिचारी डोंगरात राहिली असंल."

साल संपलं की ती कॅलेंडर टाकायची नाही. चित्रं कापायची, मिठाईच्या खोक्यांच्या पुठ्ठ्यावर भाताच्या खळीने चिकटवायची. ती खळ आंबली की घरभर आंबूस वास सुटायचा, झुरळं यायची, मी ओरडायचो. ती चित्रं उन्हात वाळत घालायची, पापडांच्या शेजारी. आळीतली पोरंटोरं, आमची मीना, सुलभाची दोघं, सगळी गोल बसायची. शालन एक चित्र उचलायची, छातीशी धरायची आणि खालच्या अक्षरांवर अंगठा ठेवायची. पोरांना वाचता येतं, तिला येत नाही, म्हणून आधी अक्षरं झाकायची. अंगठा कायम हळदीने पिवळा. सगळ्या चित्रांच्या खालच्या कोपऱ्यात तो पिवळा डाग बसला होता. पोरं पहिल्या प्रश्नाला अडखळायची. दुसऱ्याला मात्र एका सुरात ओरडायची, "विशारद!"

मीना नववीत गेली तेव्हा एकदा शाळेतून येऊन दप्तर फेकून म्हणाली, "आई, विशारद हे माणसाचं नाव नाहीच. जो घराचा नकाशा काढतो त्याला वास्तुविशारद म्हणतात. कोणीपण असू शकतो. बाबांनी तुला काहीही सांगितलंय."

माझे कान तापले. मी म्हटलं, आता ही मला सुनावणार. पण शालन हसायलाच लागली. पदर तोंडात कोंबून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे ती एक बायको नवतीच? बरं झालं बाई. सुटली बिचारी."

तेव्हापासून विशारद हा आमच्या घरातला शब्द झाला. चिमणीने वळचणीला घरटं केलं, आली विशारदीण. पोराने मातीचा किल्ला केला, या विशारद. चुकीचा होता, पण आमचा होता. मीनाकडून शालन पुठ्ठ्यांवरची खरी नावं वाचून घ्यायची आणि पाठ करायची. तिच्या तोंडात ती परदेशी नावं पार रोहेकर होऊन जायची.

थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की मेव्हण्याच्या पाठोपाठ पोपटीचा बेत यायचा. शेताच्या कडेला मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वर शेंगा, मीठ, ओवा, मडकं उलटं घालायचं आणि भोवती पेंढा पेटवायचा. भांबुर्ड्याचा तो उग्र वास. अजून कुठून आला तर मी चालता चालता थांबतो. मडकं शिजेपर्यंत करायचं काय, तर खेळ. नवं कॅलेंडर तिथेच उघडायचं, जाळाच्या उजेडात. मेव्हणा म्हणायचा, "ताई, कागद सांभाळ, बोरीबंदर पेटवशील." मी थोडा लांब, बांधावर विडी ओढत. अडलं की मला हाक. "अवो, हे काय लिवलंय?" ती कागद घेऊन यायची, मी बसल्या जागी वाचून सांगायचो. वाचणारा मी, याचा मला केवढा ताठा होता. चार यत्ता शिकलेल्याला आणखी ताठा तरी कशाचा असणार.

गणपतीच्या आधी तिला पेणला माहेरी जायचं असे. मला सुट्टी मिळाली तर मीही जायचो. वडखळला उतरून चहा घेतला की नाकाला खाडीचा वास यायचा, आणि पुढे पेणात शिरलो की ओल्या मातीचा आणि रंगाचा. गल्लीगल्लीत, ओट्यांवर, फळ्यांवर नुसते पांढरे गणपती. डोळे नसलेले. शालन प्रत्येक कारखान्याच्या दारात थांबायची. मला कंटाळा यायचा. मी म्हणायचो, "सगळे सारखेच तर हायत." ती म्हणायची, "पाठनं बघा. पाठनं येकपण सारखा नाय." मी पाठनं बघायला कशाला जातोय.

हे वाक्य आता रोज डोक्यात वाजतं.

आम्ही रोह्याबाहेर वरसे गावात जागा घेतली तेव्हा तिथे भातशेती होती. रोह्यातून चालत आलं की पाय चिखलाने भरायचे. पुढच्या दोन खोल्या मी बांधून घेतल्या, गवंडी लावून, दारावर गणपतीची फरशी बसवून. स्वयंपाक आतल्या खोलीच्या, माजघराच्या कोपऱ्यात. उजेड नाही, धूर जायला वाट नाही. शालन एकदा म्हणाली, "मला मागं पडवी पायजे." मी म्हटलं, बघू. ती परत काही बोलली नाही. मी कंपनीत हेल्पर, आज पहिली शिफ्ट, उद्या रात्रपाळी. मला वाटलं विसरली.

ती विसरली नव्हती. उन्हाळ्यात वीटभट्टीवर अर्ध्या तुटक्या विटा टाकून देत. ती आणि सुलभा डोक्यावरून त्या आणायच्या. मेव्हणा फाटलेल्या गोणीतलं सांडलेलं सिमेंट झाडून पाठवायचा. रचायचं कसं हे ती भट्टीवरच्या बायांना विचारून शिकली. मी कामावरून यायचो, जेवायचो, झोपायचो, उठायचो, आणि मागे भिंत थोडी वर आलेली असायची. ओल्या सिमेंटचा वास, भिजवलेल्या गोणपाटाचा वास. बादलीतून भिंतीवर पाणी मारल्याचा चप्‌ चप्‌ आवाज झोपेत यायचा. मी कूस बदलायचो.

आणि मग ती खिडकी. पेणात कोणाचं तरी जुनं घर पाडत होते. मेव्हण्याने तिथून एक सागाची खिडकी मिळवली. लहानशी, दोन झडपांची, लोखंडी गज असलेली. शालन ती आणायला गेली. परत येताना एसटीत ती खिडकी मांडीवर. मी सोबत होतो. लाज वाटून मी दोन बाकं मागे बसलो, जसा काही तिच्या ओळखीचाच नाही. कंडक्टर तिकीट फाडताना म्हणाला, "काय वैनी, लोक खिडकीच्या जागेसाठी भांडतात, तुम्ही आपली घरनंच घेऊन आलाव." आख्खी गाडी हसली. शालन म्हणाली, "मग? तुमच्या खिडकीची झडप लागत नाय. बघा, हिची लागती." आणि झडप लावून दाखवली. धाड. आत तिचा चेहरा गेला. परत उघडली. पुन्हा चेहरा. समोरच्या बाकावरचं तान्हं पोर खिदळायला लागलं, तसं नागोठण्यापर्यंत तिने तेच चालू ठेवलं.

मी मागे बसून बाहेर बघत होतो.

भिंत छातीपर्यंत आली तेव्हा खिडकी किती उंच बसवायची हा प्रश्न आला. मी दुसऱ्या पाळीला निघालो होतो, हातात डबा. शालन भिंतीला चिकटून उभी राहिली, हनुवटीखाली हात आडवा धरला आणि सुलभाला म्हणाली, "इथं खूण कर गो." सुलभाने कोळशाने रेघ मारली. शालन बुटकी, माझ्या काखेत येईल एवढी. ती रेघ माझ्या पोटाशी आली. मी म्हटलं, "ही काय खिडकी म्हणायची का कोंबड्यांचं दार?"

सुलभा हसली. मग मला तो विनोद फारच आवडला. पाहुणा आला की मी सांगायचो, आमच्या विशारदबाईंनी मागे कोंबड्यांचं दार ठेवलंय. कंपनीत सांगायचो. व्याह्यांना सांगितला. आळीत असा कोणी राहिला नाही ज्याने तो ऐकला नाही. शालनही हसायची. प्रत्येक वेळी हसायची. तिला किती वेळा हसावं लागलं ते आता मोजायला बसत नाही.

पडवीच्या दाराची चौकटही तिच्याच मापाची. पहिल्याच आठवड्यात माझं डोकं आपटलं, टेंगूळ आलं, आणि मी पडवीत जायचं सोडलं. तिथून पुढे मी माजघरातूनच ओरडायचो. पाणी दे. वाढ. विड्या कुठं हायत. ती घेऊन यायची. संडास अंगणात बाजूला, त्यामुळे मागे जायचं मला काही कारण नव्हतं. परसात काय लावलं होतं ते मला ताटात कळायचं. घोसाळी आली म्हणजे घोसाळ्याचा वेल असावा. तिकडून आवाज यायचे. पाट्याचा, बांगड्यांचा, दोन बायकांच्या बोलण्याचा. सुलभा मध्येच मोठ्याने हसायची. काय बोलतात हे मी कधी विचारलं नाही.

ती गेली तेव्हा मीनाने गॅस माजघरात आणून दिला आणि पडवीला कडी घातली. मीना पेणला दिलेली आहे. दर रविवारी येते. तीच म्हणाली, "बाबा, पडवी गळतेय, भिंत फुगलीय. ती पाडून आत बाथरूम करू. पावसात अंगणात पाय घसरला तर तुम्हाला कोण उचलणार?" खरंच होतं. मी म्हटलं, "पाड. तिथं हाय काय?" मिस्त्री ठरला. म्हणाला, माघी गणपती होऊ द्या, सोमवारी पहार घेऊन येतो.

माघी गणपतीला यंदा नाईकबाईंनी खेळ ठेवला. नाईकबाई म्हणजे आळीतल्या रिटायर शिक्षिका. शालनचा खेळ, शालनच्या नावाने. मला घरी येऊन म्हणाल्या, "काका, बक्षीस तुमच्या हातून द्यायचं. आणि शेवटचा फोटो तुम्ही ओळखायचा. तो खास तुमच्यासाठी आहे."

मी पांढरा सदरा घातला. दाढी केली. खरं सांगतो, मला बरं वाटत होतं. वाटलं, शालनची आठवण म्हणून मला मान देतायत. आणि मी कॅलेंडर वाचणारा माणूस, मला काय अवघड.

मांडवात पडदा लावला होता. एकेक फोटो यायचा. बोरीबंदर, कमळाचं देऊळ, मग रोह्याचं स्टेशन, कुंडलिकेवरचा पूल. पोरं आणि बायका ओरडून सांगत होत्या. कोणी बांधलं विचारलं की आधी सगळे एकदम "विशारद!" ओरडायचे आणि मग खरं नाव शोधायचे. तिची रीत. मीना शेजारी बसून डोळे पुसत होती.

मग शेवटचा फोटो. माईक माझ्या हातात.

पडद्यावर एक ठेंगणी भिंत. निळसर चुना मारलेली. कौलांवर वेल चढलेला, पिवळी फुलं. डब्यांमध्ये अबोली. एक कपडे धुवायचा दगड, त्याची कड झिजून गुळगुळीत. ठेंगणं दार. आणि एक बुटकी खिडकी, आत बाटल्यांची रांग, बाटल्यांत ऊन. मी नीट बघितलं. देवाशपथ, मला काही ओळखीचं वाटलं नाही. गप्प राहवेना, म्हणून म्हणालो, "आता ही खिडकी हाय का कोंबड्यांचं दार?"

मांडव फुटला हसून. टाळ्या पडल्या. सगळ्यांना तो विनोद पाठ. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याने ओळखलं, आपल्या पद्धतीने ओळखलं. नाईकबाई खुशीत येऊन म्हणाल्या, "बरोबर, काका! मग सांगा आता. विशारद कोण?"

मला वाटलं, माझ्या विनोदाला हसतायत. मी चढलो. म्हणालो, "मला काय म्हाईत? असंल कोणतरी वडखळ साईडचा बिनडोक गवंडी. माप नाय, काय नाय. ज्यानं बांधलंय त्याला कधी घरात राह्यलाच लागलं नसंल."

हसणं थांबलं. एकदम नाही. पुढच्या रांगेपासून मागे जात जात थांबलं. समईची वात तडतडली ते मला ऐकू आलं. मीनाने माझ्या सदऱ्याची बाही धरली होती. मग बायकांमधून सुलभा उठली. म्हातारी झालीय तीपण, गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"भावोजी," ती म्हणाली, "ती तुमची पडवी हाय."

माईक चालूच होता. माझा श्वास सगळ्यांना ऐकू येत होता. मी तो कुणाच्या हातात दिला, बक्षीस कुणाला दिलं, घरी कसा आलो, आठवत नाही. मीना वाटेत म्हणाली, "जाऊ दे बाबा, फोटो पाठच्या बाजूचा होता." मला तेच लागलं. पाठच्या बाजूचा होता.

दुसऱ्या दिवशी नाईकबाई फोटो कागदावर काढून घेऊन आल्या. चहा नको म्हणाल्या. उभ्याउभ्याच बोलल्या, "काका, माझंच चुकलं. मला वाटलं तुम्ही आनंदाने सांगाल. हा फोटो मी काढलेला नाही. शालनताईंनी काढलाय, गेल्या वर्षी, माझ्या मोबाईलवर. सुलभाच्या चुलीपाशी उभं राहून. म्हणाल्या, ह्यांना दाखवून विचारणार हाय, बघू ओळखतात का. मग दुखणं आलं, राहूनच गेलं." जाताना दारातून वळून म्हणाल्या, "कोपऱ्यात त्यांचा अंगठा आलाय. तो मी कापला नाही."

आहे. खालच्या कोपऱ्यात, जिथे अक्षरं असतात तिथे. धूसर, पिवळट. मी नख लावून बघितलं, निघतो का.

आज सोमवार. सकाळी मिस्त्री आला. पहार ओट्याला टेकवली आणि म्हणाला, "काका, आधी मागली खिडकी काढून घेऊ. साग हाय, फुकट तुटायला नको." मी म्हटलं, "बस. मी आतून कडी काढतो."

पडवीची कडी गंजून घट्ट झाली होती. वाकून आत शिरलो. डोकं आपटलं नाही, एवढं वाकलो. आत जुन्या तेलाचा, हळदीचा, ओल्या भिंतीचा वास. अंधार. चुलीशेजारी तिचा पाट उभा करून ठेवलेला. मी खिडकीपाशी गेलो. उभा राहिलो तर पुढ्यात नुसती भिंत, खिडकी खाली पोटाशी. हनुवटीखाली हात आडवा धरला. तिने धरला होता तसा. मग गुडघ्यांत वाकत गेलो, हात चौकटीला टेकेपर्यंत. गुडघे बोलत होते.

तेवढ्यात माझ्या मनात आलं, खोटं कशाला सांगू, की या खिडकीतून कंपनीच्या बसचा थांबा दिसत असणार. मी उतरून येताना दिसावा म्हणून तिने ही एवढी खाली ठेवली असणार. उभा जन्म गेला तरी माणसाला आपलंच सुचतं. मी झडप ढकलली. ती कुरकुरली आणि उघडली.

थांबा दिसला नाही. रस्ताच दिसला नाही. दोन परसांच्या पलीकडे, बरोबर समोर, तेवढ्याच उंचीवर दुसरी खिडकी होती. आत चूल पेटलेली. सुलभा पाठमोरी वाकून काहीतरी ढवळत होती. एवढंच. माझ्यासाठी नव्हतीच ती खिडकी. त्या दोघींसाठी होती. आणि मी जन्मभर माजघरात बसून म्हणत होतो, कोंबड्यांचं दार.

झडपेची कुरकुर पलीकडे गेली. सुलभाने वळून बघितलं नाही. ढवळता ढवळताच, सवयीने, म्हणाली,

"उठलीस काय गो?"

आणि मग तिची पाठ ताठ झाली. हातातला पळा तसाच राहिला. ती वळेना. मला वाटलं, बाजूला व्हावं, झडप लावावी, कोणी नव्हतंच असं करावं. पुढून मिस्त्रीने हाक मारली, "काका, निघाली का कडी?"

मी वाकलेलाच राहिलो. सरळ झालो असतो तर तिला नुसतं माझं पोट दिसलं असतं.

"व्हय सुलभा," मी म्हणालो. "मी हाय. मिस्त्री आलाय. त्याला च्या पाजतो नि परत पाठवतो."